भाचा दहावी झाला, आयटीआय मशिनिस्ट घ्यावा की मेकॅनिकल डिप्लोमा? सीएनसीवाल्यांनी खरं काय ते सांगा

करमाळाकर_मामा

राम राम मंडळी. भाचा यंदा दहावी झाला, 68 टक्के. गणितात काठावर, सायन्सला बरे मार्क, इंग्रजीचं विचारू नका. पण पोरगं हाताचं चांगलं आहे. वस्तीवर कुणाची बोअरची मोटर बंद पडली की हा तिथं हजर, स्टार्टरचं झाकण उघडून कुठला कॉन्टॅक्ट काळा पडलाय ते बरोबर दाखवतो, कुणी शिकवलेलं नाही. मोबाईलवर रील बघतो ते पण लेथवर लोखंड सोलतात त्याचेच.

आता घरात दोन पार्ट्या पडल्यात. दाजी म्हणतात डिप्लोमाच करायचा, पुढं डायरेक्ट सेकंड इयरला इंजिनिअरिंग, पोराच्या नावापुढं काहीतरी लागलं पाहिजे. ताई म्हणते इथंच आयटीआयला घाला, जाऊन येऊन करेल, रूमचा मेसचा खर्च नाही. मी आयटीआयच्या बाजूनं होतो, पण मागच्या महिन्यात एका लग्नात पाहुण्यातला एक मुलगा भेटला आणि डोक्याचा पार भुगा झाला. हा बी.ई. मेकॅनिकल, खाजगी कॉलेजातून, बापानं त्याच्यासाठी दीड एकर काढली. आज चाकणला एका व्हेंडरकडं कॉन्ट्रॅक्टवर आहे आणि सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनवर, जॉब (घडवायचा तुकडा) लावतो काढतो. शेजारच्या मशीनवर आयटीआयवाला, त्याच्या पलीकडं बारावी नापास, तिघांच्या हातात महिन्याला जवळपास सारखेच पैसे पडतात. मी म्हणलं अरे मग तुझ्या चार वर्षांचं काय झालं, तर म्हणतो मामा मशीनला कुठं कळतंय कोण किती शिकलाय, हिरवं बटण दाबलं की चालू होतंय.

तर जे तिथं रोज काम करतात त्यांनी सांगा. सगळं कॉम्प्युटरच करत असेल तर मशिनिस्ट ट्रेडला दोन वर्षं नेमकं काय शिकवतात आणि शिकलेलं कंपनीत कुणी वापरू देतं का? आणि इलेक्ट्रिक गाड्या आल्या, रोबो आले, आता तर एआय, हा कामाला लागेपर्यंत तीन-चार वर्षं जाणार, तोवर ही लाईन राहील का? क्लासवाल्यांनी कृपा करून जाहिरात टाकू नये, दहावीचा निकाल लागल्यापासून फोन सुरूच आहेत त्यांचे, नंबर कुठनं मिळतो देव जाणे.

---

सेटर_चाकण

मामा, मी आयटीआय टर्नर, मग अप्रेंटिस, आता चाकणलाच सीएनसी टर्निंग आणि व्हीएमसी (सीएनसीचंच उभं मिलिंग मशीन) दोन्हीचं सेटिंग बघतो. पाहुण्यांचा मुलगा खोटं बोलला नाही पण त्यानं अर्धंच सांगितलं.

सीएनसीवर असतो म्हणलं की बाहेरच्या माणसाला वाटतं सगळे एकच काम करतात. ऑपरेटर म्हणजे दार उघडायचं, एअर गननं चिप्स उडवायच्या, जॉब चकमध्ये (पकडणाऱ्या जबड्यात) लावायचा, सायकल स्टार्ट, निघालेला जॉब गो नो-गो गेजला (साईज पास का नापास तेवढंच सांगणारं माप) लावून ट्रेमध्ये. हे काम आठवड्यात कुणालाही जमतं, म्हणून तिथं बी.ई. आणि बारावी नापास एका रांगेत उभे. त्याच्यावर सेटर. त्याच्यावर प्रोग्रामर, तो बहुतेक वेळा एसीत बसलेला असतो, कॅम सॉफ्टवेअरमधून प्रोग्राम काढून देतो आणि जेवायच्या सुट्टीत खाली येऊन विचारतो चाललं का रे बाबा.

सेटरचं काम काय ते एका उदाहरणानं सांगतो म्हणजे पोराला पण कळेल. ड्रॉइंगला 25 मिमीचा शाफ्ट आहे, स्मॉल एच 7. म्हणजे 25 च्या वर अजिबात जायचं नाही आणि खाली 21 मायक्रॉनपर्यंतच (0.021 मिमी) चालेल. सकाळी मशीन गार असतं, पहिले काही जॉब वेगळेच येतात. तासाभरानं स्पिंडल (मशीनचा फिरणारा मुख्य दांडा) तापतो, साईज सरकते. आमच्या शॉपला पत्रे आहेत, मे महिन्यात दुपारी परत सरकते. इन्सर्टची (टूलच्या बदलता येणाऱ्या कापणाऱ्या टोकाची) धार झिजली की डायमीटर हळूहळू मोठा यायला लागतो. मायक्रोमीटरला 25.01 दिसलं तर ऑफसेट पेजला (टूल किती सरकवायचं ते आकडे असतात तिथं) एक्समध्ये मायनस 0.02 टाकून साईज मधोमध आणायची. हे झालं सोपं. पण साईज धारेमुळं गेली का जॉब चकमध्ये नीट बसला नाही म्हणून गेली, नुसता ऑफसेट टाकून भागेल का इन्सर्टचा कोपरा फिरवायचा, का सॉफ्ट जॉच (चकचे मऊ जबडे) परत बोअर करून घ्यायचे, हे कंट्रोलरच्या स्क्रीनवर कुठंही लिहून येत नाही. चिप्सचा रंग बघून, आवाज ऐकून, जॉबवर हात फिरवून कळतं. पैसे याचे मिळतात.

आता खरी गोम. बऱ्याच कंपन्यांत ऑपरेटरला ऑफसेट पेजला हातच लावू देत नाहीत. मशीनला मेमरी प्रोटेक्टची चावी असते, ती सेटरच्या किंवा सुपरवायझरच्या खिशात. कंपनीच्या बाजूनं बघितलं तर बरोबर आहे, एक दशांश पॉईंट चुकीच्या जागी पडला तर टूल थेट चकमध्ये घुसतं. पण मग ऑपरेटर शिकणार कधी? त्यात कॉन्ट्रॅक्टवाला म्हणजे सहा-सात महिने झाले की ब्रेक, कारण 240 दिवस भरले की कायद्यानं सलग नोकरी धरली जाते आणि ते कुणाला नको असतं. ब्रेकनंतर दुसऱ्या गेटवर परत नवीन, परत लोडिंग. तीन वर्षं सीएनसीवर आहे म्हणणारी पोरं इंटरव्ह्यूला येतात, मी विचारतो जी-54 ला (जॉबचा झीरो कुठं ते मशीनला सांगणारा कोड) काय टाकतात, तोंडाकडं बघत बसतात. पोरं मठ्ठ नाहीत हो, त्यांना कुणी पेज उघडूनच दाखवलेलं नाही.

म्हणून कागद कुठला यापेक्षा दहावीनंतरच्या चार-पाच वर्षांत कुणीतरी त्याच्या हातात ती चावी देणार आहे का ते बघा. माझ्या मते रस्ता असा, आयटीआय दोन वर्षं, मग मोठ्या कंपनीत अप्रेंटिसशिप, मग वाटलं तर डिप्लोमा, दोन वर्षांच्या ट्रेडवाल्याला डायरेक्ट सेकंड इयरला घेतात. दाजींचं नावापुढचं पण त्यात येऊन जातं.

---

नुसतं_वाचतो

सगळं बरोबर पण लग्नाचं कुणी बोलत नाही. आमच्याकडं आयटीआय म्हणलं की मुलीकडचे चहा पिऊन उठतात, आणि इंजिनिअर आहे पुण्याला म्हणलं की तो जॉब लोड करतो का फाईल लोड करतो कुणी विचारत नाही. डिप्लोमा करा मामा, निदान पत्रिकेत तरी बरं दिसतं 😄

---

जुना_टर्नर

पिंपरीत एका मोठ्या कारखान्यात आयुष्य काढलं, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. वरच्या सेटर भाऊंनी चावीचं लिहिलंय ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, टायपिंगला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

आमच्या वेळेला आयटीआयमधे पहिले कित्येक आठवडे नुसतं फायलिंग. एक चौकोनी तुकडा द्यायचे, तो काटकोनात आणायचा, इन्स्ट्रक्टर ट्राय स्क्वेअर लावून उजेडाकडे धरायचा, फट दिसली की परत. हाताला फोड येऊन गेलेले असायचे. मग लेथ. फोर-जॉ चकमधे जॉब डायलवर ट्रू (बरोबर मधोमध) करायचा, टूल स्वतः ग्राइंडरवर घासून त्याला अँगल द्यायचा, आटे कापायचे तर चेंज गिअरचं गणित वहीत मांडून गिअर बदलायचे. म्हणजे आज जे काम प्रोग्राम करतो ते सगळं आमच्या डोक्यात आणि मनगटात असायचं. आणि हे कौतुक म्हणून सांगत नाहीये, एकसारखे पाचशे जॉब हातानं काढताना माणूस कंटाळून मरायचा आणि रिजेक्शनपण व्हायचं. सीएनसी आलं तेव्हा युनियनमधे खूप चर्चा झाल्या, माणसं कमी होणार म्हणून. पण गंमत अशी झाली की ज्यांना हातानं येत होतं त्यांनाच पहिल्यांदा सीएनसीवर पाठवलं, आणि ते भारी चालले, कारण फीड किती द्यावा, कट किती घ्यावा, जॉब थरथरतोय तर काय करावं हे त्यांना आधीच माहीत होतं, फक्त ते आकड्यात टाकायचं शिकायचं होतं.

दुसरं म्हणजे शिकवायची जबाबदारी तेव्हा कारखान्याची होती. 1961 चा अप्रेंटिस कायदा होता, पण नुसत्या कायद्यानं काही होत नाही, टेल्कोसारख्यांची (आताची टाटा मोटर्स) स्वतःची ट्रेनिंग डिव्हिजन होती, तिथून तयार झालेला पोरगा पुढं तिथंच राहणार हे दोघांनाही माहीत असायचं. पंचवीस-तीस वर्षं जो राहणार आहे त्याच्यावर दोन वर्षं खर्च करायला मालकाला काही वाटत नाही. सात महिन्यांनी जाणाऱ्याला कोण शिकवेल?

आणि लग्नाचं कुणीतरी लिहिलंय, हसण्यावारी नेऊ नका, तिथंच खरी मेख आहे. 1983 ला वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्याच्या आधी इंजिनिअरिंगला जागा म्हणजे मोजक्याच, सीओईपी, सांगलीचं वालचंद, मुंबईचं व्हीजेटीआय असं बोटावर मोजण्यासारखं. नंतर गावोगाव कॉलेजं झाली. आमच्या कॉलनीतल्या सगळ्यांनी मुलांना तिकडं घातलं, आपल्या हाताला ऑइल लागलं ते पोराच्या लागू नये एवढाच विचार. त्यात कित्येकांचं सोनं झालं, आयटीत गेले, परदेशात गेले. पण त्यामुळं आयटीआय म्हणजे ज्याला दुसरीकडं कुठं मिळालं नाही त्यानं जायची जागा असं झालं, आणि मग तिथल्या मशीनकडं, मास्तरांच्या रिकाम्या जागांकडं ओरडायला वजनदार आईबाप कुणी उरलेच नाहीत.

भाचा स्टार्टर उघडतो ना, त्याला आयटीआयलाच घाला. फायलिंग करताना कंटाळला तर मात्र समजून जा की त्याला मशीन बघायला आवडतं, चालवायला नाही.

---

शिरोली_वर्कशॉप

कोल्हापूरकर हाय, शिरोली एमआयडीसीत छोटं युनिट आहे, फाउंड्रीचं कास्टिंग येतं आमच्याकडं मशिनिंगला, ट्रॅक्टरचे आणि पंपाचे पार्ट. वरचे सगळे बोलतायत जसं काय मालक लोक मुद्दाम शिकवत नाहीत. जरा आमची पण बाजू ऐका की.

व्हीएमसी बँकेच्या लोनवर घेतलेलं हाय, हप्ता दर महिन्याला जातोय, मशीन चालू असो का बंद. वरची कंपनी दरवर्षी रेट कमी करून मागती आणि पेमेंट तीन महिन्यांनी करती. असल्यात मी एका पोराला सहा महिने बरोबर घेऊन ऑफसेट शिकवला, जी-54 शिकवलं, एज फाइंडर (जॉबची कड शोधायचं साधन) धरायला शिकवलं, त्याच्यापायी दोन टूल मोडली, बोललो नाही. पोरगं तयार झालं आणि दिवाळीचा बोनस घेऊन रांजणगावला गेलं. बरं गेलं ते गेलं, मागनं दोस्ताला पण घेऊन गेलं. आता सांगा दुसऱ्याला चावी कशी देऊ?

आणि आयटीआयवाली पोरं येतात त्यातली निम्मी मायक्रोमीटर उलटा धरतात हो, शप्पथ. चूक त्यांची न्हवं, तिकडं एका लेथभोवती वीस जण उभारलेले असतात, सर फिरवून दाखवतात आणि हे जर्नलमधी चित्र काढतात. पण मला तर काम झालेलं पाहिजे न्हवं.

एआयचं विचारलंय म्हणून सांगतो. गेल्या वर्षी एक ट्रेनी पोरगा मोबाईलवर एआयला विचारून प्रोग्राम घेऊन आला, दिसायला एकदम फक्कड, मला पण कौतुक वाटलं. सेटरनं मशीनला घालून आधी ग्राफिक बघितलं, मग जॉब न लावता हवेत सिंगल ब्लॉकवर (एकेक ओळ थांबत थांबत) चालवला. दुसऱ्याच टूलला त्यात जी-43 नव्हता, म्हणजे टूलची लांबी घेतलीच नव्हती, आणि जी डबल झीरोनं (फुल स्पीडनं) खाली येत होता. सिंगल ब्लॉकवर होता म्हणून वाचलं, नाहीतर स्पिंडल गेला असता आणि माझं सहा महिन्याचं सगळं तिथंच. तर एआय प्रोग्राम लिहील, मी नाही म्हणत न्हाई, पण तो चालवायच्या आधी हवेत बघायची अक्कल कुणाला तरी पाहिजेच.

इलेक्ट्रिकचं म्हणाल तर भीती हाय. ज्यांचं सगळं काम क्रॅंकशाफ्ट, कॅमशाफ्ट, कनेक्टिंग रॉड, व्हॉल्व्ह असलंच हाय त्यांना झोप नाही, कारण इलेक्ट्रिक गाडीत यातलं काहीच नसतं. पण मोटरचा शाफ्ट असतो, गिअर असतात, ॲल्युमिनियमची हौसिंग असतात, ब्रेक-सस्पेन्शन तर राहणारच. ट्रॅक्टर आणि पंप इतक्यात कुठं जात न्हाईत. मशिनिंग राहील, पार्ट बदलतील. माणसं मात्र कमी लागतील, माझ्याच ओळखीच्यांनी गॅन्ट्री लोडर (जॉब आपोआप लावणारा-काढणारा) बसवलाय, तीन मशीनला एक माणूस.

पोराला कोल्हापूरला पाठवा पाहिजे तर, उद्यमनगरात छोट्या वर्कशॉपला घालतो. पगार कमी मिळंल पण सकाळी लेथ, दुपारी मिलिंग, सांजच्याला वेल्डिंग, सगळं करावं लागतंय.

---

सेटर_चाकण

@शिरोली_वर्कशॉप दादा, राग मानू नका पण बोनस घेऊन गेला म्हणताय, रांजणगावला त्याला किती जास्त मिळाले ते पण सांगा की. सेटर झाल्यावर त्याचा पगार ऑपरेटरचाच ठेवला असेल तर तो थांबणार कशाला. हवेत चालवून बघायचं मात्र शंभर टक्के बरोबर, प्रत्येक शॉपमध्ये भिंतीवर लिहून ठेवायला पाहिजे.

---

शिरोली_वर्कशॉप

@सेटर_चाकण दोन हजार वाढवले होते. तिकडं सहा जास्त देत होते. बरोबर हाय तुमचं, पण सहा मी कुठनं आणू ते पण सांगा.

---

क्यूसीवाली

मी डिप्लोमा मेकॅनिकल, भोसरीत क्वालिटीला आहे, सीएमएम (पार्टची बारीक मापं घेणारं मशीन) चालवते. इथे सगळे डिप्लोमाला फक्त नावापुढचं शेपूट म्हणतायत ते काही बरोबर नाही. डिप्लोमात ड्रॉइंग शिकवतात, आणि नीट शिकलं तर तेच आयुष्यभर पुरतं. शॉपवरचे कितीतरी चांगले सेटर डायमेन्शन बरोबर आणतात पण पोझिशन टॉलरन्सची खूण (जागा किती चुकली तर चालेल ते) किंवा डेटम (माप जिथून धरायचं तो संदर्भ) आला की माझ्याकडे येतात, ताई हे काय लिहिलंय. भोक साईजला परफेक्ट असतं पण जागा चुकलेली असते, मग सगळी लॉट होल्डला आणि माझ्याशी भांडण. तो कागद वाचता येणं म्हणजे पण हाताचंच काम आहे असं मला वाटतं.

आता डिप्लोमाचं वाईट पण सांगते. सबमिशन, सबमिशन आणि सबमिशन. रात्रभर बसून दुसऱ्याच्या फाईलवरून फाईल उतरवायची, वर्कशॉपचा जॉब कॉलेजच्या बाहेर तयार मिळतो, पैसे देऊन विकत घ्यायचा आणि आपला रोल नंबर पंच करायचा. माझ्या बॅचच्या कितीतरी मुलांनी पूर्ण तीन वर्षांत लेथ स्वतः फिरवला नसेल. गव्हर्नमेंट पॉलिटेक्निक मिळालं तर गोष्ट वेगळी, फी पण कमी आणि मशीन पण असतात, 68 टक्क्यांना तुमच्या कॅटेगरीत कुठे लागतं ते मागच्या वर्षीच्या कटऑफवरून बघा. खाजगीत फी भरून हेच करायचं असेल तर आयटीआय परवडलं.

आणि मामा, घरात भाची वगैरे आहे का कोणी? कारण हा प्रश्न नेहमी पोरांसाठीच विचारला जातो. मी लागले तेव्हा शॉपमधे आम्ही दोघीच होतो आणि बाथरूम ऑफिसच्या बिल्डिंगमधे, शॉपमधून जाऊन यायला दहा मिनिटं, सुपरवायझर घड्याळ बघायचा. आता टाटा मोटर्सच्या पुण्याच्या प्लांटमधे हॅरियर-सफारीची असेंब्ली बायका चालवतात. महाराष्ट्रात 2015 च्या दुरुस्तीनंतर कारखान्यात बायकांना रात्रपाळी पण करता येते, ने-आण आणि सुरक्षेची सोय कंपनीनं करायची या अटीवर. आमच्याकडे ने-आण म्हणजे एक गाडी आहे ती हायवेला सोडते, तिथून पुढे आपलं आपण. तरी पण सीएमएमला, प्रोग्रामिंगला मुली खूप चांगल्या चालतात, आणि सीएनसीला ताकद लागत नाही, लागतं ते लक्ष. आयटीआयच्या मशिनिस्ट बॅचला मुली हाताच्या बोटांवर असतात अजून.

---

करमाळाकर_मामा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील वाटलं नव्हतं. दाजींना फोनवरून सगळं वाचून दाखवलं. काकांचं 1983 चं ऐकून ते गप्प झाले आणि मग म्हणाले की काकांची स्वतःची पोरं कुठं आहेत ते विचार. विचारतोय, काका रागावू नका 🙏

क्यूसीवाल्या ताई, भाची आहे, नववीला, आणि खरं सांगतो तिचा विचार या बाजूनं डोक्यातसुद्धा आला नव्हता, घरात सगळे नर्सिंग नर्सिंग करतात. गणित तिचं भावापेक्षा कितीतरी बरं आहे.

शिरोलीवाले दादा, दोन वर्षांनी नक्की फोन करणार, पण त्याला पाच-सहा हजार जास्त द्यावे लागतील 😄

अजून एक, आयटीआय बघायला जाणार आहे तर तिथं नेमकं काय बघायचं, काय विचारायचं? बिल्डिंग सगळ्या छानच असतात. आणि कुणीतरी इंडो जर्मन टूल रूमचं नाव घेतलं गावात, ते काय आहे?

---

जुना_टर्नर

विचारलं त्यात रागवायचं काय. थोरला पुण्यातच सॉफ्टवेअरमधे आहे, धाकटी बँकेत. दाजींना सांगा, थोरल्याच्या घरातला मिक्सर मीच जाऊन उघडतो.

---

सेटर_चाकण

काका 😂

मामा, इंडो जर्मन टूल रूम छत्रपती संभाजीनगरला आहे, केंद्र सरकारच्या एमएसएमई (लघुउद्योग) खात्याची. तिथं दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगचा चार वर्षांचा डिप्लोमा असतो, प्रवेश परीक्षा असते. मोल्ड आणि डाय, म्हणजे साचे, बनवणारी लाईन आहे ती, प्रत्येक जॉब वेगळा, म्हणून रोबो तिथं सगळ्यात शेवटी पोचेल. मी आजवर बघितलेले तिथले पोरगे कामाला पक्के होते. फी आयटीआयपेक्षा बरीच जास्त आहे, होस्टेलचा खर्च धरा. परीक्षा द्यायला काय हरकत नाही, यंदाची तारीख गेली का ते त्यांच्या वेबसाईटवर आजच बघा.

आयटीआय बघायला शनिवारी रविवारी जाऊ नका, चालू दिवशी जा, दहा-अकराच्या सुमाराला. ऑफिसात बसू नका, सरळ वर्कशॉप दाखवा म्हणायचं. मशीनखालचा ट्रे बघा, त्यात ताज्या चिप्स आहेत का, कूलंटला (कापताना गार ठेवायला सोडतात ते पाणी) वास येतोय का. खूप महिने पडून राहिलेलं कूलंट सडतं, नाकाला लगेच कळतं. नवीन सीएनसी असेल आणि त्याच्यावर प्लास्टिकचं कव्हर घालून हार वाळलेला असेल तर ते खंडेनवमीलाच चालू होतं असं समजा. पोरांना बाजूला घेऊन विचारा, ट्रेडला रेग्युलर सर आहेत का तासिकेवर, मागच्या बॅचची पोरं अप्रेंटिसला कुठं लागली. कंपनीचं नाव सांगता आलं पाहिजे, "लागली पुण्याला" हे उत्तर धरू नका. सर्टिफिकेट एनसीव्हीटीचं (केंद्राच्या मान्यतेचं) आहे का तेही विचारा, मोठ्या कंपन्या अप्रेंटिस घेताना बघतात.

अप्रेंटिसचं एक समजून घ्या. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, म्हणून जागा निघतात. स्टायपेंड 2019 च्या नियमांत शिक्षणाप्रमाणे किमान 5000 ते 9000 ठरला होता, बऱ्याच कंपन्या वर देतात. पण काही ठिकाणी अप्रेंटिस म्हणजे स्वस्तातला ऑपरेटर, वर्षभर लोडिंगच करून घेतात. पोराला सांगून ठेवा, पहिल्या महिन्यात सेटरशी दोस्ती करायची, शिफ्ट सुटल्यावर अर्धा तास थांबायचं, सेटिंग चालू असेल तिथं टॉर्च धरून उभं राहायचं. मी असाच शिकलो. आमचा सेटर दारू सोडून सगळ्या बाबतीत देवमाणूस होता.

ट्रेडमध्ये मशिनिस्ट, टर्नर, टूल अँड डाय मेकर यातलं जे चांगल्या सरांकडं मिळेल ते घ्या, त्यात फार डोकं लावू नका. फक्त तुम्ही स्टार्टरचं लिहिलंय म्हणून म्हणतो, त्याला इलेक्ट्रिशियन किंवा मेकॅट्रॉनिक्सला पण एकदा नेऊन दाखवा. रोबो आला की तो बंद पडल्यावर उघडणारा माणूस लागतोच, आणि आमच्याकडं मेंटेनन्सला पीएलसी (लाईन चालवणारा कंट्रोलर) कळणारा पोरगा शोधून मिळत नाही, रात्री दोनला लाईन थांबली की मॅनेजर स्वतः त्याला फोन करून उठवतात.

ऑप्शन फॉर्म ऑनलाईन असतो, सायबर कॅफेवाल्याला त्याच्या मनानं भरू देऊ नका, शेजारी बसा. एक नंबरला टाकलेली जागा लागली की तीच घ्यावी लागते, नाहीतर पुढच्या राऊंडमधून बाहेर. म्हणजे करमाळा एक नंबरला टाकायचं का बार्शी का थेट पुणे, ते ताई आणि दाजींचं काय ते भांडण आधी मिटवून मग भरा.